फवाऱ्यावर पाऊस पडला तर पुन्हा फवारावे काय?

खरिपाच्या दिवसांत गावपातळीवरील कार्यकर्त्याला सर्वांत अधिक वेळा कोणता प्रश्न विचारला जात असेल, तर तो हाच होय: "सकाळी औषध मारले आणि दुपारी पाऊस आला. आता पुन्हा मारावे लागेल का?" ह्या प्रश्नाला बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक उत्तर असे की, औषध वाहून गेले, उद्याच पुन्हा मारून टाका. दुसरे असे की, एकदा पाऊस पुरता उघडू द्या, मग काय ते पाहू. पहिले उत्तर पुष्कळदा औषधविक्रीच्या दुकानातून येते व दुसरे कंटाळ्यातून येते. दोन्ही उत्तरे कधीमधी बरोबर ठरतात, नाही असे नाही. परंतु ती विचार करून दिलेली नसतात, आणि त्यांची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.

आमचे मत स्पष्ट आहे. औषध कोणत्या जातीचे होते, ते पानावर वाळण्यास किती अवधी मिळाला आणि पाऊस नेमका किती मिलिमीटर पडला, ह्या तीन गोष्टी विचारल्यावाचून पुन्हा फवारण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. ज्या कार्यकर्त्याला पहिल्या दोन गोष्टी ठाऊक आहेत, पण तिसरी ठाऊक नाही, त्याचा सल्लाही अंदाजपंचेच होय. आणि आज खेड्यांतून नेमकी ही तिसरी गोष्टच कोणाला ठाऊक नसते.

फवाऱ्याचा थेंब पानावर पडला म्हणजे काम झाले, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः त्या थेंबात बहुतांश पाणीच असते व ते औषधाला पानापर्यंत पोचविणारे केवळ वाहन असते. पाणी उडून गेल्यावर पानावर जो अतिशय पातळ थर मागे राहतो, तोच पिकाचे रक्षण करतो. हा थर ओला असेतोपर्यंत पानाशी त्याचे नाते जडलेले नसते. अशा वेळी एखादी चांगली सर आली तर औषध पानावरून ओघळून सरळ मातीत जाते. तोच थर वाळून घट्ट बसला असेल, तर तीच सर त्याचा काही अंशच नेऊ शकते. उन्हात आणि हलक्या वाऱ्यात पान अर्ध्या-पाऊण तासात वाळते. श्रावणातील कोंदट, ढगाळ दिवशी त्याच पानाला दोन-तीन तासही लागतात. म्हणून फवारल्यानंतर किती वेळाने पाऊस आला हे विचारण्यापेक्षा, पान वाळल्यानंतर किती वेळाने पाऊस आला, असे विचारणे अधिक योग्य.

पावसाचे सामर्थ्य किती असते, हे एका साध्या हिशेबावरून ध्यानी येईल. पाठीवरच्या पंपाने आपण एकरी साधारणपणे २०० लिटर पाणी फवारतो. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर तेथे सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. म्हणजे फवाऱ्याच्या पाण्याच्या पाचशे पट. एवढ्या पाण्यापुढे पानावर काही शिल्लक राहते हेच नवल, पण राहते. पहिल्या काही मिलिमीटरांत पानावर सैलपणे बसलेले कण निघून जातात. पानाच्या मेणचट थरात, लवीत आणि शिरांच्या कडेला रुतून बसलेले कण मात्र पुढच्या पावसालाही सहजासहजी दाद देत नाहीत. एवढेच नव्हे, तर झिमझिम पाऊस किंवा दव कधीकधी हे औषध पानाच्या न भिजलेल्या भागावर पसरविण्याचेही काम करते. सारांश, शिंतोडे पडले की औषध गेले, हे खरे नाही. आणि चांगले औषध असले की पावसाची भीती नाही, हेही खरे नाही.

आता औषधाच्या जातीकडे वळू. काही औषधे पानाच्या पृष्ठभागावरच राहून काम करतात. त्यांना स्पर्शजन्य म्हणतात. मँकोझेब, कॉपर ऑक्सिक्लोराइड, गंधक, बोर्डो मिश्रण ही त्यांतील ओळखीची नावे. दुसरी औषधे पानात शोषली जातात व रसाबरोबर कमीअधिक फिरतात. ती आंतरप्रवाही होत. कार्बेन्डाझिम, हेक्साकोनॅझोल, इमिडाक्लोप्रिड ही त्यांची उदाहरणे. आंतरप्रवाही औषध एकदा पानाच्या आत शिरले की बाहेरच्या पावसाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. शिरण्यास लागणारा काळ मात्र औषधागणिक निराळा असतो. काहींना तास-दीड तास पुरतो, काहींना पाच-सहा तासांची उघडीप लागते. ह्या बाबतीत डब्याबरोबर येणारे माहितीपत्रक हाच खरा आधार. ते इतक्या बारीक अक्षरांत छापलेले असते की वयस्क शेतकऱ्याने ते चष्म्यानिशीही वाचू नये! १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे हे पत्रक डब्याबरोबर असावेच लागते. परंतु ते वाचता येईल असे असावे, हाही आग्रह विस्तार-कार्यकर्त्यांनी धरला पाहिजे. तूर्त उपाय एवढाच, की गावात खपणाऱ्या पाच-सहा औषधांची पत्रके कार्यकर्त्याने स्वतः वाचावी आणि पावसासंबंधी त्यांत जे लिहिले असेल ते मोठ्या अक्षरांत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे.

औषध कोणत्या रूपात आहे, ह्यालाही महत्त्व आहे. तेलकट प्रवाही औषध पानाच्या मेणचट थरात लवकर मुरते. पाण्यात कालवून मारावयाची भुकटी त्यामानाने अधिक धुपते. कोरडी धुरळणी तर पहिल्या सरीलाच जाते. १९५० आणि १९६० च्या दशकांत डी.डी.टी. आणि बी.एच.सी.च्या भुकटीची पोती गावोगाव धुरळली गेली, त्या काळच्या शेतकऱ्यांना हे चांगले ठाऊक होते. ती औषधे शेतीतून केव्हाच गेली, बी.एच.सी.वर तर १९९७ साली बंदीच आली. पण भुकटीचा हा गुणधर्म बदललेला नाही. निंबोळी अर्क हाही पावसापुढे टिकणारा नव्हे. तो स्वस्त आहे, घरी करता येतो, म्हणून पाऊस झाल्यावर तो पुन्हा फवारण्यास आमची हरकत नाही.

स्पर्शजन्य बुरशीनाशकांच्या बाबतीत फळबागांच्या अनुभवावरून एक ढोबळ नियम रूढ झालेला आहे. शेवटच्या फवारणीनंतर सुमारे २५ मिलिमीटर पाऊस झाला की थराचा अर्धाअधिक भाग गेला असे धरावे. ५० मिलिमीटरच्या पुढे गेला की थर संपला असे समजून पुन्हा फवारावे. येथे पाऊस एकाच दिवसाचा मोजावयाचा नसून शेवटच्या फवारणीपासूनचा सर्व पाऊस बेरजेत धरावयाचा आहे. सोमवारी ८, बुधवारी १२ आणि शुक्रवारी १० मिलिमीटर पडला तर बेरीज ३० होते, आणि तीन वेळा "थोडासाच पडला" असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या बागेवरील थर निम्म्यावर आलेला असतो. अर्धा थर गेला म्हणजे त्याच दिवशी पंप पाठीवर घ्यावा असे नाही. पुढची ठरलेली फवारणी काही दिवस अलीकडे घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय पीक जोमाने वाढत असेल तर पाऊस न पडताही संरक्षण कमी होत जाते, कारण फवारणीनंतर फुटलेल्या नव्या पानावर औषध नसतेच. ही गोष्ट फार थोडे लोक हिशेबात धरतात.

हा नियम वापरावयाचा तर पाऊस मोजला पाहिजे. आपल्याकडे पावसाचे माप बोलण्यात असते: बुरबुर, शिरवा, दणकून, बांध फुटेपर्यंत. भाषेला ह्याने शोभा येते, पण फवारणीचा निर्णय ह्यावर घेता येत नाही. मोजण्याचे साधन मात्र कोणाच्याही घरी होऊ शकते. सरळ उभ्या बाजूंचा, तळ सपाट असलेला एखादा डबा घ्यावा. झाडापासून व भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी तो जमिनीपासून हातभर उंचीवर पक्का बसवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची खोली मुलांच्या शाळेतील मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून पाणी ओतून द्यावे. डब्याचे तोंड लहान आहे की मोठे ह्याने खोलीत फरक पडत नाही; बाजू मात्र सरळच हव्यात, वर रुंद व खाली निमुळती बादली चालणार नाही. मोजपट्टीचा शून्य बहुधा कडेपासून थोडा आत असतो, तेवढे लक्षात ठेवावे.

राज्यात महावेध योजनेखाली महसूल मंडळांच्या ठिकाणी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, ही चांगली गोष्ट झाली. त्यांचे आकडे पीक विम्याच्या कामी येतात. परंतु मंडळाच्या गावी पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडलाच असेल असे नाही. वळवाचा किंवा परतीचा पाऊस ओढ्याच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे पडत नाही, हे काय शेतकऱ्याला सांगावयास हवे? म्हणून मंडळाचा आकडा असला तरी शिवारातला डबा हवाच.

हवामान खात्याचे शब्दही ह्याच दृष्टीने समजून घेतले पाहिजेत. "हलका पाऊस" म्हणजे दिवसात २.५ ते १५.५ मिलिमीटर, "मध्यम" म्हणजे १५.६ ते ६४.४, "जोरदार" म्हणजे ६४.५ च्या पुढे. ह्याचा अर्थ असा की, हलक्या पावसाचा अंदाज असेल व थर वाळण्यास वेळ मिळणार असेल, तर स्पर्शजन्य औषधाची फवारणी पुढे ढकलण्याचे कारण नाही. जोरदार पावसाचा इशारा असेल तर पंप घरीच ठेवावा. "मध्यम" हा शब्द मात्र फसवा आहे. कारण २५ आणि ५० हे दोन्ही टप्पे त्याच्याच पोटात येतात. अशा दिवशी अंदाजावर नव्हे, तर दुसऱ्या सकाळच्या डब्यावर विसंबावे लागते. कृषी विद्यापीठांच्या केंद्रांकडून दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी हवामान-सल्ला पत्रके पुढील पाच दिवसांचा अंदाज देतात. ती गावात पोचतात, पण बहुधा भ्रमणध्वनीतच पडून राहतात.

एवढा हिशेब कशासाठी, एक फवारा जास्त झाला तर बिघडले कोठे, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. औषधाचा आणि मजुरीचा खर्च तर आहेच. त्याखेरीज काढणीपूर्वी सोडावयाचे दिवस शेवटच्या फवाऱ्यापासून मोजले जातात. एक अनावश्यक फवारा झाला की भाजी वा फळ वेळेवर बाजारात नेता येत नाही, किंवा औषधाचा अंश घेऊनच न्यावे लागते. तेच औषध वारंवार मारल्याने किडी आणि बुरशी त्याला सरावतात. पण सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेच्या कारणांची चर्चा पुष्कळ झाली. आम्हाला येथे एवढेच म्हणावयाचे आहे की, प्रत्येक फवाऱ्याच्या वेळी कोणीतरी माणूस त्या तुषारात उभा असतो, आणि पुष्कळदा तो शेताचा मालक नसून रोजावर आलेला गडी असतो. "पुन्हा मारून टाका" हे शब्द उच्चारणाऱ्याने तो माणूस डोळ्यांसमोर आणावा. ओल्या कपाशीतून चालताना त्याचे कपडे औषधाने आणि पाण्याने आणखीच भिजतात, आणि ओले कपडे अंगाला चिकटले की विष कातडीवाटे शरीरात जाते. पावसानंतर लागलीच, पीक ठिबकत असताना, फवारा घेऊ नये ह्याचे हे पहिले कारण. दुसरे कारण, ओल्या पानावर औषध ठरत नाही.

कीडनाशकांच्या बाबतीत तर पाऊस स्वतःच काही काम करून जातो, हे विसरले जाते. जोराच्या सरीने मावा आणि फुलकिडे मोठ्या प्रमाणात धुऊन निघतात. सकाळी माव्यासाठी फवारा मारला, दुपारी दणका पाऊस झाला, औषध गेले; पण त्याबरोबर मावाही गेला असेल तर दुसरा फवारा कोणासाठी? म्हणून पावसानंतर पंपाकडे जाण्यापूर्वी शेतात जावे, निरनिराळ्या ठिकाणची वीस झाडे पाहावी, पानांच्या मागच्या बाजूस काय आहे ते मोजावे. कीड नुकसानीच्या पातळीखाली असेल तर स्वस्थ बसावे. बोंडात शिरलेल्या गुलाबी बोंडअळीपर्यंत कोणताच फवारा पोचत नाही, पाऊस पडो वा न पडो. तिच्यासाठी पावसानंतर औषध दुबार मारणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय.

बुरशीजन्य रोगांची गोष्ट ह्याच्या अगदी उलट आहे, आणि येथेच सर्वांत मोठी चूक होते. पाऊस किडीला मारक असला तरी बुरशीला तारक असतो. पान काही तास ओले राहिले की त्यावर पडलेले बुरशीचे बीजाणू रुजतात व आत शिरतात. स्पर्शजन्य बुरशीनाशक हे दारावरच्या राखणदारासारखे असते. चोर घरात शिरल्यावर त्याचा उपयोग नाही. असे असता "पावसात औषध वाहून जाईल, म्हणून पाऊस संपल्यावर मारू" असा विचार करणारा शेतकरी नेमका हवा त्या वेळी पिकाला उघडे ठेवतो. स्पर्शजन्य औषध पावसाच्या आधी, वाळण्यापुरता वेळ ठेवून मारावे. त्यातील थोडे वाहून गेले तरी चालेल. ते त्यासाठीच असते. पाऊस होऊन गेल्यावर काही करावयाचेच असेल, तर ते शिफारस केलेल्या आंतरप्रवाही औषधाने व लवकरात लवकर.

द्राक्षबागायतदारांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता उरलेली नाही. नाशिक आणि सांगलीकडे ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट निघते, तोच परतीच्या पावसाचा काळ. फुटीला चार-सहा पाने असताना दोन दिवस ढग आणि पाऊस राहिला की केवडा येतो, आणि तो घडावर गेला की हंगाम गेला. २०१९ साली ऑक्टोबरअखेरीस व नोव्हेंबरच्या आरंभी जो अवकाळी पाऊस लागला, त्याने नाशिक भागातील बागांची काय दशा केली हे सर्वांनी पाहिले. अशा वेळी बागेत ट्रॅक्टर जात नाही, चिखलात चाके रुततात, आणि उघडीप मिळते ती दोन-चार तासांची. ज्यांनी पावसाच्या आदल्या दिवशी आवरण दिलेले असते त्यांना निदान विचार करण्यास अवधी मिळतो. इतरांना तोही मिळत नाही. तरीही त्या आठवड्यासारखा पाऊस लागोपाठ कोसळला तर कोणतेही औषध पुरे पडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. औषधाच्या जाहिरातीत तसे सांगितलेले नसते.

ह्याच केवड्यावर उपाय शोधताना बोर्डो मिश्रण हाती लागले. फ्रान्समधील बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून बागायतदार त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत असत. आतील वेली केवड्याने झडल्या आणि रस्त्याकडेच्या मात्र हिरव्या राहिल्या, ही गोष्ट प्राध्यापक मिलार्डे यांच्या नजरेस आली, व त्यांनी प्रयोग करून १८८५ साली हे मिश्रण जाहीर केले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, पुढे १९१० च्या सुमारास म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी पोफळीच्या कोळेरोगावर हाच उपाय अवलंबिला. कोकणात आणि गोव्याच्या कुळागरांत आजही तोच चालतो.

कोकणातील पोफळीचा दाखला येथे मुद्दाम घेतला आहे. वर सांगितलेला २५ आणि ५० मिलिमीटरचा नियम तेथे लावला तर काय होईल? कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आषाढात ५० मिलिमीटर एका दिवसात सहज होतो. त्या हिशेबाने पाडेल्याला रोज पोफळीवर चढवावे लागेल! प्रत्यक्षात मात्र एक टक्का बोर्डोची पहिली फवारणी पाऊस लागण्यापूर्वी घडांवर नीट झाली आणि दुसरी त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी झाली, तर बाग बहुतेक वर्षी सुरक्षित राहते. पाऊस लांबला तरच तिसरी लागते. म्हणजे नियम खोटा काय? नव्हे. तो मँकोझेबसारख्या औषधांपुरता खरा आहे. ताजे बोर्डो मिश्रण ही वेगळीच वस्तू आहे. मोरचूद आणि चुना एकत्र येताच त्यांचा जेलीसारखा साका तयार होतो. तो वाळला की फळावर पातळ पापुद्र्यासारखा चिकटून बसतो आणि त्यातील तांबे पावसाच्या पाण्याने अगदी सावकाश सुटत राहते. पाऊस येथे औषध नेतो त्याबरोबर थोडेथोडे कामालाही लावतो.

परंतु हा गुण ताज्या आणि नीट केलेल्या मिश्रणातच असतो. एक किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात व एक किलो चांगला कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवावा. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतीत लाकडी काठीने ढवळावे, किंवा दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतावी. चुना मोरचुदात ओतू नये. भांडी मातीची, लाकडाची किंवा प्लॅस्टिकची असावी, लोखंडाची नकोत. तयार मिश्रणात घासून स्वच्छ केलेली लोखंडी सुरी थोडा वेळ धरावी. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून थोडी निवळी आणखी घालावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. शिळ्या मिश्रणातील साक्याचे खडे बनतात, ते फळाला चिकटत नाहीत, आणि पहिल्याच झडीत सर्व खाली येते. "बोर्डो मारूनही सुपारी गळाली" ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. तिच्या मुळाशी पाऊस क्वचितच असतो. बहुधा वाऱ्यावर मऊ पडलेला चुना नाहीतर आदल्या दिवशीचे मिश्रण असते. ओल्या, शेवाळलेल्या पोफळीवर भर पावसात चढणे किती धोक्याचे आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो ह्या तयारीला कंटाळणार नाही.

चिकट द्रव्यांसंबंधी थोडे सांगितले पाहिजे, कारण हल्ली ती फार खपतात. पावसाळी फवाऱ्यात, विशेषतः अळू, कोबी, कांदा ह्यांसारख्या गुळगुळीत पानांवर, चांगले चिकट द्रव्य शिफारशीइतके घालणे योग्यच. पूर्वी बोर्डोत राळ आणि धुण्याचा सोडा ह्यांचे मिश्रण घालीत, तेही ह्याचसाठी. पण पसरविणारे द्रव्य वेगळे आणि चिकटविणारे वेगळे, हा भेद विक्रेतेही सांगत नाहीत. कपडे धुण्याची पूड मूठभर टाकली की काम झाले, असे समजणारे बरेच आहेत. त्याने थेंब पानावर पसरतो खरा. पण प्रमाण जास्त झाले की तो पानावर न ठरता ओघळतो, आणि वाळलेला थर पुढच्या पावसात पुन्हा सहज कालवला जातो. म्हणजे टिकण्यासाठी घातलेली वस्तू धुण्याचेच काम करते.

फवारणीची वेळ साधण्याचाही प्रश्न आहे. वळवाचा व परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो. म्हणून त्या दिवसांत दव वाळताच, सकाळी आठ-नऊपासून काम सुरू करून दुपारपूर्वी संपवावे. विषाणूयुक्त किंवा जिवाणूयुक्त कीडनाशके मात्र उन्हाने निकामी होतात, म्हणून ती सायंकाळी मारण्यास सांगितले जाते. ह्या दोन सल्ल्यांत विरोध दिसतो व तो आहेच. अशी औषधे वापरावयाची असल्यास रात्री पाऊस नसण्याची खात्री असलेला दिवस निवडणे, एवढाच मार्ग.

तणनाशकांबाबत पावसाचा न्याय पुन्हा फिरतो. उगवलेल्या तणावर मारावयाचे औषध पानातून आत जाण्यास उघडीप मागते. पेरणीनंतर व उगवणीपूर्वी जमिनीवर मारावयाचे पेंडिमेथॅलीनसारखे औषध ओलावा मागते; त्यावर हलका पाऊस झाला तर ते वरच्या थरात नीट बसते, आणि मुसळधार झाला तर शेताबाहेर तरी जाते किंवा बियाण्यापर्यंत तरी उतरते. एकाच शेतकऱ्याने जूनमध्ये पावसाची वाट पाहावी आणि जुलैमध्ये उघडिपीची, ह्यात विसंगती काहीच नाही.

धुऊन गेलेले औषध कोठे जाते, ही चौकशी सहसा होत नाही. ते बांधावरून ओढ्यात जाते आणि उताराच्या विहिरीत जाते. तांबे आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना फार घातक असतात. जोरदार पावसाच्या तोंडावर फवारा मारणाऱ्याचे स्वतःचे पैसे तर जातातच, पण खालच्या शेताचे पिण्याचे पाणीही बिघडते. ओढ्याकाठच्या चार-पाच ओळी अशा दिवसांत फवाऱ्यावाचून ठेवाव्या.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्या हंगामात एक वही घालावी, अशी आमची सूचना आहे. फवारणीचा दिवस व तास, औषधाचे नाव, पान वाळल्याची वेळ, पाऊस सुरू झाल्याची वेळ, दुसऱ्या सकाळी डब्यात भरलेले मिलिमीटर, आणि चार दिवसांनी पिकावर काय दिसले, एवढे रकाने पुरेत. गावातील पाच शेतकऱ्यांनी जरी आपापल्या डब्याचे आकडे रोज दिले, तरी शिवाराच्या चार बाजूंचा पाऊस कळेल. मृगापासून हस्तापर्यंतची ही वही एका वर्षात भरेल. पुढच्या वर्षी कोणी चिंतातुर शेतकरी भिजलेल्या पिकातून धावत आला, तर त्याला दुकानाकडे धाडण्याआधी कार्यकर्त्याला त्याच्याच शिवारातील मागच्या वर्षीचे पान उघडून दाखविता येईल.